'डार्क साइड' की 'विश यू वेअर हिअर'? पिंक फ्लॉइडच्या चार अल्बमांची तुलना

पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड ऐकायला कुठून सुरुवात करू, असं त्यांच्या चार चाहत्यांना विचारलं तर चार उत्तरं येतात. पहिला बिनदिक्कत 'द डार्क साइड ऑफ द मून' म्हणतो. दुसऱ्याचं म्हणणं असं, की 'डार्क साइड' सगळ्यांनाच आवडतो, पण जीव अडकतो तो 'विश यू वेअर हिअर'मध्ये. तिसरा 'अ‍ॅनिमल्स'ची बाजू घेतो आणि ती घेताना त्याचा आवाज चढतो, कारण या अल्बमवर कायम अन्याय झाला अशी त्याची पक्की खात्री असते. चौथ्याच्या लेखी 'द वॉल' हाच डोंगर, बाकीचे तीन म्हणजे पायथा.

मी दुसऱ्या गटातला आहे. का, ते पुढे सांगतो. पण उरलेल्या तिघांचं म्हणणंही पोकळ नाही आणि नव्याने ऐकणाऱ्याला निवड करायची तर ते नीट कळायला हवं.

वाद या चार अल्बमांचाच का

बँडची सुरुवात १९६५ मध्ये लंडनमध्ये झाली. १९६७ च्या पहिल्या अल्बमवर सिड बॅरेटचा ठसा होता. गाणी बहुतेक त्याची, आवाज त्याचा, गिटार त्याची. पण एलएसडी हे अमली द्रव्य आणि ढासळत गेलेलं मानसिक स्वास्थ्य यांमुळे १९६८ मध्ये त्याला बँडबाहेर पडावं लागलं. त्याच्या जागी आलेला डेव्हिड गिल्मर गिटारवर, रॉजर वॉटर्स बेसवर, रिचर्ड राइट कीबोर्डवर आणि निक मेसन ड्रमवर, असा तो चौघांचा संच ठरला. पुढची काही वर्षं त्यांची चाचपडण्यात गेली. १९७१ च्या 'मेडल'मधल्या 'एकोज' या तेवीस मिनिटांच्या रचनेत त्यांना आपला सूर सापडला. १९८३ चा 'द फायनल कट' हा जवळजवळ वॉटर्सचा एकट्याचा अल्बम आहे आणि १९८७ नंतरच्या अल्बमांत वॉटर्सच नाही. म्हणजे चौघं एकत्र, भरात आणि एका रेषेत पुढे जाताहेत असा काळ १९७३ ते १९७९ एवढाच. त्या काळातले हे चार अल्बम.

चारही अल्बमांचे शब्द वॉटर्सचे. बदलत गेलं ते संगीतातलं वाटप, आणि माझ्या मते निवडीची खरी किल्ली तिथेच आहे. अल्बमच्या पाठीमागची श्रेयनामावली वाचा. 'डार्क साइड'वर दहा रचना आहेत. त्यांतल्या पाचांवर राइटचं नाव संगीतकार म्हणून आहे. 'विश यू वेअर हिअर'वर ते फक्त 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'पुरतं उरतं, मात्र ती रचनाच अर्ध्याहून जास्त अल्बम व्यापते. 'अ‍ॅनिमल्स'वर राइटचं नाव कुठेच नाही. गिल्मरचं आहे, पण एकाच गाण्यावर. 'द वॉल'च्या सव्वीस रचनांपैकी गिल्मरच्या वाट्याला तीन आल्या, राइटला एकही नाही. उलट रेकॉर्डिंग चालू असतानाच वॉटर्सने त्याला बँडमधून काढलं. चार अल्बम ओळीने ऐकले की ही आकडेवारी कानांनाही कळते. कीबोर्डची जागा आक्रसत जाते, शब्द वाढत जातात, धार वाढते आणि ऊब कमी होते. यातली कुठली पायरी तुम्हाला भावते, त्यावर तुमचा अल्बम ठरतो.

'डार्क साइड': घडणीत याला तोड नाही

मार्च १९७३. सुमारे त्रेचाळीस मिनिटं. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होऊन त्याच ठोक्यांनी संपणारा अल्बम. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत हा पहिल्या क्रमांकावर फक्त एक आठवडा होता, पण त्या यादीत एकूण नऊशेहून अधिक आठवडे टिकला. लोकप्रियतेवरून दर्जा ठरवू नये हे मान्य, पण अर्धशतक नवनवे कान एका अल्बमकडे वळत राहतात तेव्हा त्यात काहीतरी पक्कं असतं.

ते पक्कं म्हणजे घडण. स्टुडिओत जाण्याआधी बँडने हा सगळा अल्बम १९७२ भर मैफलींतून वाजवून पाहिला होता, त्यामुळे एकातून दुसरं गाणं निघतं ते जोड न दिसता. मग अ‍ॅबी रोड स्टुडिओत अ‍ॅलन पार्सन्ससारखा ध्वनिमुद्रक मिळाला. 'टाइम'च्या सुरुवातीला एकदम घणघणणारी घड्याळं त्यानेच जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन, एकेक वेगळं, टिपून आणली होती. 'मनी'च्या सुरुवातीचा नाण्यांचा आणि गल्ल्याचा आवाज ऐका. तो ठेका संगणकावर जुळवलेला नाही, संगणक तेव्हा स्टुडिओत नव्हताच. नाणी खुळखुळवली, कागद फाडला, गल्ल्याचा आवाज घेतला, त्या टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापले, चिकटवले आणि त्याचं वेटोळं फिरत ठेवलं. सात मात्रा भरतात त्या अशा. रॉकच्या श्रोत्याला सात मात्रा अडखळायला लावतात. रूपक ताल ऐकलेल्या कानाला त्या घरच्याच वाटतील. गंमत पुढे आहे. गिटारचा सोलो येतो तेव्हा गाणं साताची चाल सोडून चारात शिरतं आणि एकदम मोकळं धावायला लागतं. त्या सोलोच्या मधल्या आवर्तनात गिटारवरचा सगळा घुमारा काढून घेतला आहे. कोरडी, अगदी कानाशी वाजणारी गिटार आणि मागे जेमतेम साथ. मग तिसऱ्या आवर्तनात सगळं पुन्हा भरून येतं. भरल्यानंतर रिकामं करायचं आणि मग पुन्हा भरायचं, ही जाण या अल्बममध्ये जागोजागी आहे.

आणि 'द ग्रेट गिग इन द स्काय'. राइटची पिआनोवरची रचना, विषय मृत्यू, शब्द नाहीत. क्लेअर टॉरी नावाच्या गायिकेला एका रविवारी बोलावून घेतलं, तीस पौंड मानधन ठरलं आणि तिने नुसत्या आवाजावर जे गायलं ते आजही ऐकणाऱ्याला हलवून सोडतं. रडणं, भांडणं, थकणं आणि शेवटी शरण जाणं, सगळं बिनशब्दांचं. पुढे २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि रचनेत राइटच्या जोडीला तिचंही नाव लागलं. हे फार आधी व्हायला हवं होतं. तो आलाप काढून टाकला तर गाण्यात सुंदर पिआनो उरतो, पण मृत्यू उरत नाही.

'डार्क साइड'च्या चाहत्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र २०२३ मध्ये खुद्द वॉटर्सने पुरवला. त्याने हा अल्बम एकट्याने, नव्याने रेकॉर्ड केला. गिटारचे सोलो काढून टाकले, गाणं बरंचसं बोलण्याकडे नेलं. शब्द तेच, लिहिणारा तोच, आणि तरी अल्बम दुसराच. राइटचे स्वर, गिल्मरचा आवाज, मेसनचा तो मुद्दाम मागे रेललेला ठेका हे निघून गेलं की काय उरतं, ते समोरासमोर ठेवून ऐकता येतं. १९७३ चा अल्बम चौघांचा होता, याहून वेगळी साक्ष नको.

मग मी याला पहिलं का देत नाही? शब्दांमुळे. वेळ, पैसा, युद्ध, मृत्यू, वेड असे विषय घेतले आहेत आणि प्रत्येकावर एकेक गाणं. ते खरं आहे, सुंदर आहे, पण सगळ्यांविषयी आहे, म्हणून कुणा एकाविषयी नाही. 'टाइम'मधलं आयुष्य निसटून जाण्याचं भान विशीत ऐकलं तरी बोचतं आणि चाळिशीत जास्त बोचतं, ते एक सोडलं तर शब्द मनात घर करतात असं मला म्हणवत नाही. 'एनी कलर यू लाइक' हा तुकडा तर मला जोडकाम वाटतो. 'अस अँड देम'ची हळुवार उंची गाठल्यावर तिथून खाली उतरायला एक जिना हवा होता, तेवढाच. आणि 'अस अँड देम'बद्दल एवढं सांगायलाच हवं, की राइटची ही चाल मूळची मायकेलअँजेलो अँटोनिओनीच्या चित्रपटासाठी केलेली, तिथे नाकारली गेलेली. दोन-तीन वर्षं पडून राहिलेली ती चाल या अल्बमचा प्राण झाली. डिक पॅरीचा सॅक्सोफोन त्यात हळूच येतो तेव्हा मला वर मांडलेला सगळा आक्षेप क्षणभर विसरायला होतं.

'विश यू वेअर हिअर': एका माणसाची गैरहजेरी

'डार्क साइड'च्या यशानंतर चौघंही रिकामे झाले होते. पैसा होता, नाव होतं, आणि स्टुडिओत येऊन करायचं काय हे सुचत नव्हतं. १९७४ मध्ये मैफलींतून तीन लांबलचक नव्या रचना ते वाजवत होते. गिल्मरचं म्हणणं होतं, याच तीन घेऊन अल्बम करू. वॉटर्सला ते पटलं नाही. त्याने तिघांतली एकच, 'शाइन ऑन', ठेवली, ती मधोमध कापून अल्बमच्या दोन टोकांना लावली आणि मध्ये 'नसणं' या एकाच विषयावरची तीन नवी गाणी घातली. हा निर्णय माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला सगळ्यात शहाणा. (उरलेल्या दोन रचनांचं पुढे काय झालं ते 'अ‍ॅनिमल्स'मध्ये येईलच.)

'शाइन ऑन' सिड बॅरेटसाठी आहे. पहिल्या भागात आठ मिनिटांहून अधिक काळ कुणी गातच नाही. आधी कीबोर्डचा एक लांब, न हलणारा पडदा, त्यावर गिल्मरची तुटक गिटार, मग सगळं थांबतं आणि गिटारवर चार सूर येतात. चारच. ते पुन्हा येतात, त्यांच्यामधली शांतता भरून काढायची घाई कुणी करत नाही, मग मेसनचे ड्रम पडतात आणि गाणं उभं राहतं. त्या चार सुरांत काहीतरी अपुरं आहे, उत्तर न मिळालेल्या हाकेसारखं. वॉटर्सनेच सांगितलं आहे की त्या सुरांतूनच सिडविषयीचे शब्द सुचले. शब्द येईपर्यंत ज्याच्याविषयी बोलायचं तो माणूस आपल्याला आठवायला लागलेला असतो, त्याला कधी पाहिलेलं नसतानाही.

५ जून १९७५ ला, याच अल्बमचं काम चालू असताना, अ‍ॅबी रोड स्टुडिओत एक जाडजूड माणूस आला. डोकं भादरलेलं, भुवयाही काढलेल्या. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. तो बॅरेट होता. हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेलाय की त्याची दंतकथा झाली आहे, पण तो घडला आणि तिथे असलेल्यांना रडू आवरलं नाही. ज्याच्या नसण्यावर गाणं लिहिलं तो समोर बसलेला, आणि तरी तो नव्हताच.

हा प्रसंग माहीत नसला तरी अल्बम तसाच लागतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कारण नसणं इथे शब्दांत सांगितलेलं नाही, ते आवाजातच आहे. 'हॅव अ सिगार'चा शेवट नीट ऐका. पूर्ण बँड जोशात वाजत असताना आवाज एकाएकी शोषला जातो आणि एका लहानशा रेडिओतून यायला लागतो. कुणीतरी रेडिओची कळ फिरवतं, मधूनच चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा सरकून जातो, मग त्या किरकिऱ्या रेडिओवर 'विश यू वेअर हिअर' या शीर्षकगीताची बारा तारांची गिटार लागते. आणि खोलीत, अगदी आपल्याजवळ, दुसरा एक माणूस त्या रेडिओतल्या गिटारबरोबर आपली गिटार वाजवू लागतो. आधी खोकल्याचा आवाजही येतो. एक माणूस दूर, तारेच्या पलीकडे. एक इथे एकटा. तो एकटा त्या दूरच्याला साथ देतोय. गाण्याचा एकही शब्द उच्चारला जायच्या आधी गाण्याला जे म्हणायचंय ते म्हणून झालेलं असतं. असा क्षण 'डार्क साइड'मध्ये मला सापडत नाही.

याच्याविरुद्धचे आक्षेप मला ठाऊक आहेत. 'वेलकम टु द मशीन' आणि 'हॅव अ सिगार' ही दोन्ही रेकॉर्ड कंपन्यांवरची टीका. कोट्यधीश झालेल्या वादकांनी धंद्याला नावं ठेवण्यात कसला दम, असं म्हणतात. 'हॅव अ सिगार' तर बँडपैकी कुणी गायलंही नाही, शेजारच्या स्टुडिओत काम करत असलेल्या रॉय हार्परला बोलावून गाऊन घेतलं. यातला पहिला आक्षेप मी काही अंशी मानतो. 'मशीन' पाच-सहा वेळा ऐकल्यानंतर थोडं ताठर वाटायला लागतं. पण ही दोन गाणी बॅरेटच्या दोन तुकड्यांच्या मध्ये बसवलेली आहेत. तो ज्यात भरडला गेला ते यंत्र मधोमध नको का? आणि बँडचं गाणं भलताच माणूस गातो, हे तर अल्बमच्या विषयाशी जुळूनच आलं. बँडमधले आपण स्वतः तरी इथे आहोत का, हाही प्रश्न त्या दिवसांत त्यांच्यासमोर होताच.

'शाइन ऑन'चा शेवटचा, नववा भाग राइटचा एकट्याचा. अल्बम संपता संपता, आवाज विरत असताना, कीबोर्डवर एक ओळखीची सुरावट पुसट वाजते. 'सी एमिली प्ले', सिडने १९६७ मध्ये लिहिलेलं गाणं. एवढंच करून राइट थांबतो. त्याच्या वाट्याला शब्द आले नव्हते, तरी निरोपाचं शेवटचं वाक्य त्याचं आहे.

'अ‍ॅनिमल्स': रागाचा अल्बम

जानेवारी १९७७. बाजूला ठेवलेल्या त्या दोन रचना नाव आणि बरेच शब्द बदलून 'डॉग्ज' आणि 'शीप' झाल्या. जॉर्ज ऑर्वेलच्या 'अ‍ॅनिमल फार्म'वरून कल्पना घेतली, पण ऑर्वेलचा रोख सोव्हिएत राजवटीवर होता, वॉटर्सचा भांडवलशाहीवर. कुत्रे म्हणजे धंद्यात एकमेकांचे लचके तोडणारे, डुकरं म्हणजे वरून नीतीचे धडे देणारे, मेंढ्या म्हणजे मुकाट मागे चालणारे. ब्रिटनमध्ये तेव्हा महागाई, संप आणि बेकारी होती, पंक रॉक उसळलं होतं. सेक्स पिस्टल्सचा जॉनी रॉटन पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर 'आय हेट' लिहून हिंडत होता. ज्यांना तो म्हातारे आणि आळशी समजत होता, त्यांनी त्याच सुमाराला पंकइतकाच संतापलेला अल्बम काढला, फक्त गाणी दहा-दहा, सतरा-सतरा मिनिटांची.

गिटारसाठी ऐकणाऱ्याने थेट 'डॉग्ज'ला जावं. एका सरळ अकूस्टिक गिटारच्या झटक्यांवर सुरू झालेलं गाणं सतरा मिनिटांत कुठल्या कुठे जातं, आणि दोन-तीन गिटार एकमेकींशी स्वर जुळवून उतरत येतात तो भाग गिल्मरने वाजवलेल्या सर्वोत्तम गोष्टींपैकी आहे. 'शीप'मध्ये वॉटर्स ओळीचा शेवटचा स्वर लांबवतो आणि तो लांबता लांबता सिंथेसायझरचा स्वर होऊन जातो. माणसाचा आवाज कुठे संपला ते सांगता येत नाही. गाण्याच्या सुरुवातीची राइटची हळुवार कीबोर्डची वाट पाहा आणि मग त्याचं नाव श्रेयात नाही हे आठवा. मला ते खटकतं.

अल्बमचं मुखपृष्ठही याच रागाचं. लंडनचं बॅटरसी वीजकेंद्र आणि चिमण्यांमध्ये तरंगणारं डुक्कर. छायाचित्रासाठी खरोखरच सुमारे चाळीस फुटी फुगा आणला होता, तो डिसेंबर १९७६ मध्ये दोर तुटून उडाला, हीथ्रोच्या विमानांची पंचाईत झाली आणि शेवटी तो केंटमधल्या एका शेतात उतरला. शेवटी वापरलेलं चित्र जोडून केलेलं आहे.

'अ‍ॅनिमल्स'चे चाहते म्हणतात, यात एकही भरतीची ओळ नाही. खरं आहे. पण तीन मोठी गाणी एकाच तापमानाची आहेत आणि सुरुवातीला-शेवटी लावलेली 'पिग्ज ऑन द विंग'ची दीड-दीड मिनिटाची दोन प्रेमाची कडवी एवढा ताप उतरवायला पुरत नाहीत. राग योग्य असला तरी त्यात एकाच दिशेने पाहिलं जातं. ज्याला हाच राग हवा असतो, त्याला मात्र चौघांत याच्यासारखं दुसरं काही मिळणार नाही. मी याला दुसरा क्रमांक देतो, 'डार्क साइड'च्या अगदी खांद्याला खांदा लावून. कधी कधी तर वरचाही.

'द वॉल': मोठा, आणि म्हणून खाचखळग्यांचा

६ जुलै १९७७ ला माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियमवर दौऱ्याची शेवटची मैफल होती. गोंगाट करणाऱ्या एका प्रेक्षकावर वॉटर्स थुंकला, आणि आपण हे काय केलं या धक्क्यातून 'द वॉल'ची कल्पना निघाली: गाणारा आणि ऐकणारे यांच्यामध्ये भिंत. नोव्हेंबर १९७९ मध्ये दोन तबकड्यांचा, सुमारे एक्क्याऐंशी मिनिटांचा अल्बम आला. नायक पिंक, त्याचा युद्धात गेलेला बाप, गुदमरवणारी आई, छळणारे मास्तर, मोडलेलं लग्न. प्रत्येक घाव म्हणजे भिंतीतली एक वीट. वॉटर्सचे स्वतःचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा तो काही महिन्यांचा होता. त्यामुळे जिथे बाप येतो तिथे हा अल्बम खरा होतो, निर्विवाद.

निर्माता बॉब एझ्रिनचं श्रेय इथे मोठं. वॉटर्सच्या विस्कळीत मसुद्याला नाटकासारखी बांधणी त्याने दिली. 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग लहान होता, त्यात लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांचा कोरस आला आणि गाणं जगभर गेलं. १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने त्यावर बंदी घातली, कारण तिथली कृष्णवर्णीय मुलं शाळेतल्या भेदभावाविरुद्ध ते गात होती. रॉकमधल्या किती गाण्यांना असं आयुष्य मिळालं?

पण अल्बम म्हणून? 'मदर', 'हे यू', 'नोबडी होम' आणि 'कम्फर्टेबली नम' ही उंच शिखरं आहेत. 'कम्फर्टेबली नम'चं संगीत गिल्मरचं, शब्द वॉटर्सचे, ऑर्केस्ट्रा मायकेल केमनचा, आणि गाणं कसं असावं यावर दोघांत कडाक्याचं भांडण झालं. शेवटी तडजोड म्हणून दोघांचंही थोडं थोडं घेतलं. दुसरा सोलो ऐकताना कळतं की हे दोघं भांडत का होईना एकत्र असले की काय होत असे. नेमकं तेच या अल्बममध्ये कमी आहे. शिखरांच्या मध्ये दीड-दोन मिनिटांचे बरेच तुकडे केवळ कथा पुढे ढकलायला आहेत. चौथ्या बाजूवर कथा नाटकी होत जाते, 'द ट्रायल'मध्ये तर संगीत पूर्ण नाटकाच्या ताब्यात जातं. कथेत गुंतणाऱ्याला ते आवडतं. मला तिथे बँड ऐकू येत नाही, एकटा वॉटर्स ऐकू येतो. म्हणून माझ्या यादीत हा चौथा.

मग निवडायचं कसं

लांब रचनांची सवय नसेल, रॉक फारसं ऐकलं नसेल, तर सुरुवात 'डार्क साइड'नेच करा. मी स्वतः 'विश यू वेअर हिअर'ला वर ठेवत असलो तरी अगदी नवख्या माणसाला मी तो आधी देत नाही. साडेतेरा मिनिटांचा पहिला भाग आणि त्यातली गाण्याविना जाणारी आठ मिनिटं हा धीर 'डार्क साइड' ऐकून झाल्यावर आपोआप येतो. एकच तबकडी विकत घेऊन घरी ठेवायची असेल, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढायची असेल, तर मात्र 'विश यू वेअर हिअर'. शब्द आणि कथा यांसाठी ऐकणारे, एखादी कादंबरी एका बैठकीत संपवणारे, 'द वॉल'पासून सुरू करू शकतात. फक्त तो तुकड्यातुकड्याने ऐकू नका. त्याची शेवटची अर्धी ओळ पहिल्या गाण्याच्या आधीच्या अर्ध्या ओळीला जाऊन मिळते, हे सलग ऐकल्याशिवाय कळत नाही. आणि सध्या ज्याच्यात खदखद आहे, ज्याला गोडवा नको आहे, त्याने सरळ 'अ‍ॅनिमल्स' लावावा.

चारही ऐकायचं ठरवलंच असेल तर ते निघाले त्याच क्रमाने ऐका, म्हणजे राइट कसा मावळत गेला आणि वॉटर्स कसा वाढत गेला हे प्रत्यक्ष कळतं. मोबाइलवर ऐकताना गाण्यांची अदलाबदल बंद ठेवा आणि दोन गाण्यांमध्ये पोकळी राहत नाही ना ते पाहून घ्या. 'डार्क साइड'मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडली तरी जोड उघडा पडतो. 'अ‍ॅनिमल्स'चं जेम्स गथ्रीने २०१८ मध्ये केलेलं नवं मिक्सिंग २०२२ मध्ये बाजारात आलं आहे. मूळ अल्बमचा आवाज थोडा कोंदट होता. नव्यात मेसनचे ड्रम आणि राइटचे कीबोर्ड कितीतरी स्वच्छ येतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी तोच सुचवीन.